बाराची खूण

निरगुडसर, ११ फेब्रुवारी

नाना,

पाया पडते. हे पत्र बाळासाहेबांच्या पिकअपवर देतेय. नारायणगावला टोमॅटो उतरवून ते खोडदकडं वळतात, तेव्हा आत्याच्या घरी टाकतील. फोन मी रोज करते. खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या तव्यांपाशी रेंज येत नाही असं तुम्ही आईला कळवलंत. आत्याचा फोन मात्र त्याच ओसरीवर खणखणीत लागतो. म्हणून कागद घेतला. कागदावर तुम्हाला मधेच बोलता येत नाही आणि फोन ठेवून देता येत नाही.

तुम्ही रागानं आत्याकडं जाऊन बसलात. गावात मी सांगते, नाना बहिणीच्या कांद्याला गेलेत. लोक ‘हो का’ म्हणतात आणि दुसरीकडं बघतात. वेल्डिंगच्या चाचणीच्या दिवशी निम्मं गाव शेडच्या दारात उभं होतं, त्यांना मी काय सांगणार.

आधी कामाचं लिहिते. उपसा योजनेच्या पाइपलाइनवर कंपनीला इथले दोन वेल्डर हवेत, दोघंही चाचणी पास झालेले. एक मी. दुसरी जागा अजून रिकामी आहे. राजनंदिनी मॅडमनी, म्हणजे चाचणी घ्यायला आल्या होत्या त्यांनी, तुम्हाला पुन्हा संधी द्यायचं मान्य केलंय. तारीख २० मार्च, जागा तीच, आपल्या शाळेमागची कंपनीची शेड. तुम्ही आला नाहीत तर ते चाकणहून माणूस आणतील. मग आपल्या गावची पाइपलाइन परका माणूस जोडणार आणि तुम्ही खोडदला कांद्याची पात कापत बसणार. हे मला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही, पण तुम्ही तसं म्हणणार नाही.

आत्याला तुम्ही त्या दिवसाचं वेगळंच सांगितलंय असं कळलं. म्हणून झालं ते लिहून ठेवते. लोखंडी घोड्यावर पाइपचा तुकडा तिरका बांधला होता, धड उभा नाही, धड आडवा नाही. मॅडमनी त्याच्या माथ्यावर खडूनं बारा लिहिले, घड्याळातले बारा असतात तसे. आणि सगळ्यांना बजावलं, बारा वरच राहिले पाहिजेत. पाइप जिथं बांधलाय तिथंच राहील, फिरायचं ते तुम्ही फिरा. चाचणी चालू असताना कुणी कुणाशी बोलायचं नाही, हेही सांगितलं. तुमचं होत आल्यावर त्या बघायला आल्या, तर बारा बाजूला आले होते, तळहातभर. तुम्ही म्हणालात, “बोल्ट ढिला व्हता, आपसूक फिरला.” त्यांनी मला विचारलं, “ताई, तुम्ही शेजारी होतात. बोल्ट ढिला होता?” मी म्हटलं, नाही, नानांनी फिरवला.

मला विचारलं म्हणून मी सांगितलं. याहून जास्त काही झालेलं नाही.

आई बरी आहे. तुमचं नाव काढत नाही, पण चहा अजून तीन कप टाकते आणि मग मलाच दोन प्यायला लावते.

अक्षदा


निरगुडसर, २६ फेब्रुवारी

नाना,

प्रयागआत्या परवा येऊन गेली. तुमचा निरोप तिनं तीनदा सांगितला, एकदा मला, एकदा आईला आणि एकदा जाता जाता फाटकापाशी. मी राजनंदिनी मॅडमना सांगायचं की मला नीट दिसलं नव्हतं, हेल्मेटची काच काळी असते, चूक झाली. तेवढं सांगितलं की तुम्ही घरी येणार.

मी सांगणार नाही.

आत्या म्हणाली, “बापापरीस ती बाई मोठी झाली का तुला?” मी म्हटलं, बाईचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. उद्या तो पाइप भरून वाहायला लागला की बोल्ट ढिला होता की घट्ट ते तो विचारणार नाही, कच्चा सांधा असेल तिथून फुटेल. आत्या म्हणाली, “तुज्या जिभेला हाड न्हाई.” हे खरं आहे. ते मी तुमच्याकडून घेतलंय.

नाना, तुम्ही पाइप का फिरवलात ते मला माहीत आहे. मॅडमना माहीत नाही, गावाला माहीत नाही, मला माहीत आहे. चोरी करायची म्हणून तुम्ही फिरवला नाहीत. आपल्या शॉपमध्ये कधी कुठलं काम बांधलेल्या जागी केलंय आपण? गेट असो, उसाची ट्रॉली असो, वनखात्याचा बिबट्याचा पिंजरा असो, आधी चेन लावायची, काम पालथं करायचं, सांधा वर आणायचा आणि मग रॉड पेटवायचा. वितळलेलं लोखंड खालीच ओघळणार, मग आपणच त्याच्या वर बसावं, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत. ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलपासून तुम्ही फिरता घोडा बनवलात, तो बघायला मंचरची माणसं यायची. घोडा फिरवणं हीच तुमची कारागिरी, सगळी त्यातच. चाचणीतही तुमचा डावा हात पान्याकडं गेला, तो शॉपमध्ये जातो तसाच गेला. तुम्ही खालून निम्मं भरलंत, थांबलात, वर जमलेली स्लॅगची खपली पाडलीत, मान एकदा डावीकडं मोडलीत, मग पाना घेतलात, बोल्ट सोडवलात, पाइप वळवलात आणि पुन्हा आवळलात. अगदी सावकाश. तुम्हाला कळलंसुद्धा नसेल असं मला वाटतं.

ते कळलं असतं तर तुम्ही खोटं बोलला नसता.

मी मॅडमना हे विचारलं. म्हटलं, नाना वर्षानुवर्षं वेल्डिंग करतात, कंपनीची लेखी पद्धत पास झालेली आहे, रॉड कुठला, करंट किती, सगळं ठरलेलं आहे, मग माणसाची वेगळी परीक्षा कशाला? त्या म्हणाल्या, पद्धतीचा कागद लोखंडासाठी असतो. या कामात कागद एकदा पास झाला की पाइप उभा असो की आडवा, तोच चालतो. फारच नाजूक काम असेल तर तेवढं बघतात की थर खालून वर चढवला की वरून खाली उतरवला, कारण उष्णता बदलते. माणसाचं तसं नाही. जो फिरत्या पाइपवर पास झाला, त्यानं फिरता पाइपच करायचा. जो बांधलेल्या तिरक्या पाइपवर पास झाला, त्याला सगळीकडं मोकळीक, कारण त्यात वर, खाली, उभं, सगळंच येतं. लोखंडाला जागा बदलली ते कळत नाही, हाताला कळतं.

मॅडम आपल्याच भागातल्या आहेत. त्यांचे आजोबा जानकू मेंढरं घेऊन आपल्या शिवारात बसायचे म्हणे. त्या म्हणाल्या, तुमच्या वडलांना सांगा, मला त्यांना नापास करायची हौस नाही.

तेव्हा वीस मार्चला या. निरोप पाठवू नका, स्वतः या.

अक्षदा


निरगुडसर, ९ मार्च

नाना,

तुमचं काहीच उत्तर नाही. बाळासाहेब म्हणतात, पत्र दिलं की तुम्ही ते खिशात घालता आणि गोठ्यामागं जाता. म्हणजे वाचता. ठीक आहे.

आमचं काम सुरू झालं. पाइप खांबांवर ठेवलाय, पोटाखाली जेमतेम बसता येतं. तो फिरत नाही, फिरणारही नाही, एकेक तुकडा बैलगाडीएवढा लांब आहे. वरचा भाग सोपा. बाजूला खालून वर चढत जायचं, तेही जमतं. पण पोटाखालचा सांधा करायचा म्हणजे पाठीवर आडवं पडून वर बघत रॉड चालवायचा. तिथं लोखंड तुमच्याच अंगावर यायला बघतं. रॉड अगदी जवळ धरावा लागतो, थर बारीक घ्यावा लागतो. जरा लांब धरला की थेंब सुटला. परवा एक बाहीत शिरला. मी ओरडले नाही, पण जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. तेही तुमच्याकडूनच घेतलंय.

बघायला माणसं येतात. परवा रामनाथअण्णा उसाला पाणी द्यायचं सोडून बांधावर बसले होते. म्हणाले, “अक्षे, झोपून काम करायचा पगार मिळतो व्हय? आमाला बी सांग की राव.” मी म्हटलं, या, पडा शेजारी. ते ठिणग्या बघून उठले.

मला हे काम आवडतंय, हे सरळ सांगते. तुम्हाला राग येईल. मी पहिला सांधा पुरा केला आणि तो एक्स-रेमध्ये स्वच्छ आला, तेव्हा लई आनंद झाला, आणि सांगायला कुणी नव्हतं. आईला सांगितलं, ती म्हणाली, “बरं. जेवून घे.” शॉपमध्ये जाऊन बसले. तिथं फिरता घोडा तसाच उभा आहे, कुणी हात लावलेला नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, एकाला कांदाचाळीची फ्रेम पाहिजे होती. त्यानं विचारलं, चांगदेव कधी येणार. मी म्हटलं, येतील. मला शॉपमध्ये तुमच्याशिवाय बरं वाटत नाही, नाना. मशिनचा आवाज आहे आणि शिव्या नाहीत, असं शॉप मला नको.

कंपनीच्या साहेबांनी आज पुन्हा विचारलं. म्हणाले, वीस तारखेपर्यंतच थांबतो. खांबांवरचं काम पावसाच्या आत उरकायचं आहे, आणि पोटाखालच्या सांध्यांना एक माणूस पुरणार नाही.

संध्याकाळी आलात तर स्टँडवरून फोन करा, मी गाडी घेऊन येईन. उसाच्या कडेनं पायी येऊ नका, बिबट्यानं परवा वाकळ्यांच्या वस्तीवरून शेळी नेली.

अक्षदा


खोडद, १४ मार्च

अक्षदा,

आशीर्वाद. तुजी तिन्ही पत्रं वाचली. तू लई लिवतीस. मला एवढं लिवता येत न्हाई, हात दुखतो, पन आता लिवतो.

बोल्ट मीच सोडवला. ढिला नव्हता. त्या बाईंच्या तोंडावर खोटं बोललो, ते माजं. तू खरं बोललीस त्याचा मला राग न्हाई. आधी व्हता, चार-पाच दिस व्हता. मंग गेला.

तुज्या दुसऱ्या पत्रात तू समदं लिवलंस. मी निम्मं भरलं, थांबलो, स्लॅग पाडला, मान मोडली, पाना घेतला. माजं मला आठवत नव्हतं ते बी तू लिवलंस. म्हंजी तू पयल्यापास्नं बघत व्हतीस. काच वर करून बघत व्हतीस, न्हाईतर काळ्या काचंतनं मान कशी मोडली ते दिसतंय व्हय.

मंग तवाच नाना म्हून हाक का न्हाई मारलीस?

बोलायचं न्हाई असा नेम व्हता, ते मला ठावं हाये. नेमाचं मी इचारत न्हाई. तू बारकी व्हतीस तवा शॉपात खेळायचीस. तुजा हात ग्राइंडरकडं गेला की मी हातातलं टाकून वरडायचो. गिऱ्हाईक काय म्हनंल, जॉब बिघडंल, कायबी बघितलं न्हाई. रॉड चिकटून किती जॉब खराब झालं आसतील. तुला वाटलं आसंल नाना लई तापट हाये. हाये तापट. पन वरडलो.

तू गप बसून बघितलंस, आन त्यांनी इचारलं तवा सांगितलंस. तेवढंच टोचलं. प्रयागला मी हे सांगितलं न्हाई, तिला उगं चूक झाली म्हून सांग असा निरोप दिला, कारन खरं सांगायची लाज वाटली.

इथं प्रयागच्या बांधावर दोन खांबांत पाइप बांधलाय. रोज खालून करतो. खोडदवाले हसत्यात, पावणं वेडं झालं म्हंत्यात. पयलं सारं ओघळून टोपीवर पडायचं. आता धरतंय. पन हात अजून पान्याकडं जातो. मी बघतो तवा तो गेलेला आसतो.

वीस तारखंला येतो. तू शेजारी उभी ऱ्हा. माजा हात गेला तर वरड. चाचणी गेली तर जाऊंदे.

तुजा,
नाना


निरगुडसर, २३ मार्च

नाना,

चाचणी संपल्यावर तुम्ही कुणाशी न बोलता थेट स्टँडवर गेलात आणि खोडदची गाडी धरलीत. मला काही बोलायला वेळच दिला नाहीत, म्हणून पुन्हा कागद घेतला. हे पत्र बाळासाहेबांकडं देत नाही, मीच घेऊन निघतेय. तरी लिहिते, कारण समोर आले की मला हे सांगता येणार नाही.

हो, मी बघत होते. माझं पुरं झालं होतं, काच वर होती. तुम्ही पाना उचललात तेव्हा मला कळलं की आता तुम्ही पाइप फिरवणार. तोंड उघडलं होतं. मग मनात आलं, मी बोलले तर दोघंही बाहेर जाऊ, आणि माझा पाइप चांगला झाला होता. एवढंच मनात आलं. याच्यावर अजून काही लिहिलं तर ती सारवासारव होईल.

वीस तारखेचं लिहिते, कारण तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत आणि नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

मॅडमनी बारा लिहिले, तुम्ही खालून सुरुवात केलीत. मी दोरीच्या बाहेर उभी होते, जिथं बघणाऱ्यांना उभं केलं होतं तिथं. पोटाखालचा थर तुम्ही असा भरलात की चाकणहून आलेला तो माणूस, ज्याला कंपनीनं तयारीत ठेवलं होतं, तो वाकून बघायला लागला. मग तुम्ही बाजूला चढलात. थांबलात. स्लॅग पाडलात. मान डावीकडं मोडलीत. पाना तुमच्याजवळ नव्हता, मॅडमनी तो टेबलावर ठेवला होता. तरी तुमचा डावा हात गेला, नुसता, उघडा, बोल्टावर. आणि बोटांनी तो धरलात.

मी ओरडले. “नाना, हात.” सगळी शेड माझ्याकडं बघायला लागली.

तुम्ही हात काढलात, काच खाली घेतलीत आणि थर पुरा केलात. बारा जागेवरच होते, केसभरही हलले नव्हते. पण मॅडमनी कागद पुढं ओढला. म्हणाल्या, बाहेरून मदत झाली, ही चाचणी मला धरता येत नाही. मी त्यांना म्हटलं, पान्याशिवाय बोल्ट सुटलाच नसता, मग मदत कसली. त्या म्हणाल्या, ते मलाही दिसलं, पण हे मला वगळता येत नाही. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. चाकणच्या माणसाला जागा मिळाली. दुसरी चाचणी दिवाळीनंतर, पुढच्या टप्प्याच्या वेळी.

म्हणजे मी गप्प राहिले असते तर तुम्ही आज पास असता. बोल्ट सुटत नव्हताच, तुम्ही एक क्षण चाचपून हात काढून घेतला असता आणि पुढं गेला असता. हे मला त्या रात्री अंथरुणात कळलं. तुम्हाला कदाचित तिथंच कळलं, म्हणून तुम्ही निघून गेलात. मला माहीत नाही.

तुमचा पाइप मी मागून घेतला. खालच्या भागातून पट्टी कापली आणि आपल्या प्रेसमध्ये वाकवली, पार दुमडेपर्यंत. सांधा उघडला नाही. एक चीरही नाही. पट्टी चाकणच्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, “ह्याला नापास कुणी केलं?” मी म्हटलं, मी.

आईला वाटतं मी तुमचं काम घालवलं. घालवलंच. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी म्हणाली, शॉपमध्ये तुझ्या बापासाठी तिरका पाइप बांध आणि तो मेला बोल्ट वेल्ड करून टाक, म्हणजे कटकट मिटेल. पाइप मी बांधलाय, तुमच्या घोड्याच्या शेजारी. बोल्ट वेल्ड केलेला नाही. तो सुटेल असाच ठेवलाय, आणि पानाही तिथंच ठेवलाय, हाताशी. तुमचा हात गेला की ओरडायला मी तिथं असेन. दिवाळीपर्यंत रोज.

गाडीत मागची सीट रिकामी करून आणलीय, तुमची पिशवी आणि हेल्मेट बसेल. आत्याला सांगून निघा.

अक्षदा